व्हॅरम पर्सी : बेचिराख गाव आणि मागे उरलेले चर्च

उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये वोल्ड्स नावाचा खडूच्या खडकाचा उंच, लहरत जाणारा टापू आहे. माल्टन या बाजारपेठेच्या आग्नेयेला सुमारे अकरा किलोमीटरवर या टापूत एक अरुंद दरी उतरते. दरीच्या तळाशी छप्पर नसलेले एक चर्च आणि त्याला लागून तळे आहे. पश्चिमेच्या चढावर आणि त्यावरच्या सपाटीवर गवताखाली दबलेली घरांची जोती आणि बुजत आलेल्या खोलगट वाटा आहेत. व्हॅरम पर्सी या गावाचे एवढेच उरले आहे. उभी म्हणावी अशी दुसरी इमारत म्हणजे नंतरच्या काळातल्या एका शेतवाडीतली बैठ्या घरांची ओळ, आणि तिचा मूळ गावाशी संबंध नाही.

मध्ययुगात वसलेली आणि पुढे ओस पडलेली अशी सुमारे तीन हजार गावे ब्रिटनमध्ये ओळखली गेली आहेत. व्हॅरम पर्सी त्यांत आकाराने मोठे नव्हते, श्रीमंतही नव्हते आणि कोणत्याही लढाईसाठी किंवा संतासाठी प्रसिद्ध नव्हते. त्याचे महत्त्व वेगळे आहे. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे येथे उत्खनन चालले. राजेरजवाड्यांच्या वाड्यांऐवजी सामान्य कुळांच्या घरांचा आणि हाडांचा इतका धीराने अभ्यास दुसऱ्या इंग्रज गावाच्या वाट्याला क्वचितच आला आहे. गाव कसे वसते, वाढते आणि उठते, हे येथे मातीच्या थरांतून वाचता येते. त्यातही चर्चच्या भिंती सर्वांत स्पष्ट बोलतात. लोक वाढले तेव्हा त्या रुंदावल्या आणि लोक घटले तेव्हा आत सरकल्या.

वोल्ड्सची जमीन कोरडी आहे. खडूच्या खडकातून पावसाचे पाणी झिरपून खाली जाते, त्यामुळे पठारावर ओढे नाहीत. झरे फुटतात ते दरीच्या तळाशी. म्हणून व्हॅरम पर्सीत शेती वरच्या अंगाला, घरे दरीच्या काठावर आणि पाणी, चक्की व चर्च खाली अशी मांडणी झाली. वस्ती मात्र गावापेक्षा फार जुनी आहे. लोहयुगातल्या आणि रोमन काळातल्या शेतवाड्यांच्या खुणा येथे मिळाल्या, आणि मध्ययुगीन घरांच्या काही हद्दी त्या जुन्या बांधांवरच बेतलेल्या दिसतात. अँग्लो-सॅक्सन काळातही येथे लोक राहत होते. त्या काळातली एक लोहारशाळा उत्खननात सापडली आणि कोरीव दगडी क्रूसाचे तुकडेही मिळाले. पण तेव्हाची घरे विखुरलेली होती. एकमेकांना लागून, रांगेत, ठराविक रुंदीच्या पट्ट्यांत घरे असलेले गाव त्यानंतर आकाराला आले.

ही आखणी नेमकी केव्हा झाली यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. एका मताने ती स्कँडिनेव्हियन वसाहतीच्या काळात, दहाव्या शतकाच्या आसपास झाली. दुसऱ्या मताने ती नॉर्मन विजयानंतरची आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेतले बंड मोडण्यासाठी यॉर्कशर जाळले आणि लुटले. उद्ध्वस्त प्रदेशात नव्या जमीनदारांनी गावे नव्याने बसवली, असे या मताचे म्हणणे. वाद कसाही मिटो, घरांच्या पट्ट्यांची नियमितता पाहता येथे कोणीतरी दोरी धरून जमीन वाटली हे उघड आहे. अशी वाटणी आपोआप होत नाही.

१०८६ च्या डूम्सडे मोजणीत, म्हणजे विल्यमने करवून घेतलेल्या राज्यभरच्या जमाबंदीत, व्हॅरमची नोंद आहे. पुढे नावाला 'पर्सी' जोडले गेले ते येथल्या नॉर्मन जमीनदार घराण्यामुळे. पर्सी हे उत्तर इंग्लंडमधले बलाढ्य सरदार घराणे, आणि व्हॅरमला त्याची एक धाकटी शाखा होती. शेजारच्या रस्त्याकाठच्या गावाला व्हॅरम-ले-स्ट्रीट म्हणतात. ते आजही नांदते आहे. व्हॅरम पर्सीत सुरुवातीला दोन मालक होते, पर्सी आणि चेंबरलेन. दोघांचे वेगवेगळे वाडे गावात होते. १२५४ मध्ये चेंबरलेनांचा वाटाही पर्सींकडे आला आणि सगळे गाव एका हाताखाली आले. त्यानंतर गावाच्या दक्षिणेकडचा जुना दगडी वाडा पाडून त्या जागेवर कुळांची घरे उभी राहिली. १९५० च्या दशकात एका साध्या शेतकरी घराचे जोते खणताना त्याखाली बाराव्या शतकातल्या या वाड्याचे तळघर निघाले, तेव्हा खणणारे चकित झाले. कोणत्याही कागदपत्रात या वाड्याची जागा सांगितलेली नव्हती.

भरभराटीच्या काळात, बाराव्या शतकापासून चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, गावात तीस-चाळीस घरे असावीत. प्रत्येक कुळाला रस्त्याला तोंड असलेला घराचा तुकडा आणि त्यामागे लांबट परसू मिळे. परसात भाजी, कोंबड्या, गवताची गंजी आणि कधी एखादी गाय असे. घर लांबट आणि अरुंद. एका टोकाला माणसे, मधल्या दालनात जमिनीवर पेटती चूल, दुसऱ्या टोकाला गुरे किंवा साठवण. चुलीला धुराडे नव्हते. धूर छपराच्या गवतातून वाट काढी. भिंतीचा खालचा भाग खडूच्या दगडांचा आणि वरचा मातीचा.

ही घरे किती टिकाऊ होती, या प्रश्नावर अभ्यासकांचे मत उत्खननाच्या काळातच बदलले. आरंभी दिसलेल्या पातळ, वेड्यावाकड्या भिंतींवरून असा निष्कर्ष काढला गेला की कुळांची घरे कच्ची होती, दर पिढीला पडत आणि थोड्या वेगळ्या जागी पुन्हा उभारली जात. त्यावरून मध्ययुगीन शेतकऱ्याची केविलवाणी प्रतिमा तयार झाली आणि पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढे स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञाने त्याच पुराव्याची फेरतपासणी केली. त्यांच्या मते छपराचा भार भिंतींवर नव्हताच. तो वक्र लाकडांच्या जोड्यांवर होता. जमिनीपासून आढ्यापर्यंत जाणाऱ्या या जोड्या घराचा खरा सांगाडा असत आणि भिंती केवळ आडोसा. भिंत पडली तरी घर पडत नसे. म्हणजे वारंवार डागडुजी झालेल्या भिंती हे दारिद्र्याचे नव्हे, तर एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदल्याचे चिन्ह ठरते. हा निष्कर्ष आज बहुतेकांनी स्वीकारला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. सुताराकडून असा सांगाडा करवून घेणारे कूळ अगदीच निष्कांचन नव्हते.

गावाचे शिवार सामाईक पद्धतीचे होते. मोठमोठ्या उघड्या शेतांत प्रत्येक कुळाच्या वाट्याला लांब, अरुंद पट्ट्या येत आणि त्या सगळीकडे विखुरलेल्या असत, म्हणजे चांगली आणि हलकी जमीन सर्वांना सारखी मिळे. गहू, जव, ओट आणि वाटाणे ही पिके. काही जमीन आळीपाळीने पडीक ठेवून तिच्यावर गुरे आणि मेंढ्या चारत. जड नांगर बैलांच्या जोड्यांनी ओढला जाई आणि एकाच दिशेने माती पलटत गेल्यामुळे पट्ट्यांना वरंबे पडत. मालकाच्या घरच्या शेतीवर कुळांना वेठीने राबावे लागे. दळण मालकाच्या पाणचक्कीवरच करावे लागे आणि त्याचा मोबदला द्यावा लागे. दरीतले पाणी बांध घालून अडवले होते. पाणचक्की बंद झाल्यावर त्याच साठ्यात मासे पाळले गेले.

या सगळ्याच्या मध्यभागी सेंट मार्टिनचे चर्च होते. इंग्लंडमधल्या पॅरिशची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका पाद्र्याच्या कक्षेतला मुलूख. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तेथेच व्हायचे आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा तेथेच भरायचा. व्हॅरम पर्सीच्या पॅरिशमध्ये हे एकच गाव नव्हते. रेस्थॉर्प, बर्डेल, थिक्सेनडेल आणि टाउथॉर्प या चार वाड्याही त्यात होत्या. थिक्सेनडेलच्या लोकांना चर्चला यायला टेकड्या ओलांडून काही मैल चालावे लागे, आणि मृतदेहही याच वाटेने आणावे लागत. पुढे गाव उठल्यावरही चर्च का टिकले याचे उत्तर या चार वाड्यांत आहे.

१९६२ ते १९७४ या काळात चर्चच्या आतली आणि भोवतालची जमीन खणण्यात आली, तेव्हा एकाच जागी एकावर एक बांधलेल्या चर्चांचा क्रम उलगडला. सर्वांत तळाशी दहाव्या शतकातले, लाकडी असावे असे लहानसे चर्च होते. त्याच्या जागी अकराव्या शतकात छोटे दगडी चर्च आले, बहुधा मालकाच्या कुटुंबाच्या आणि मोजक्या आश्रितांच्या सोयीचे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याभोवती बरेच मोठे चर्च उभे राहिले, ज्याची पूर्वेकडची वेदीची बाजू अर्धवर्तुळाकार होती. नंतर लोक मावेनासे झाले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची भिंत फोडून कमानी काढल्या आणि तिकडे ओवरी जोडली. पाठोपाठ उत्तरेलाही तसेच केले. वेदीचा भाग लांबवून चौकोनी केला आणि एका बाजूला प्रार्थनागृह वाढवले. बांधकामाचा खर्च कोणी किती सोसला हे सांगता येत नाही, पण दोन्ही बाजूंना ओवऱ्या काढणारे गाव स्वतःला भरभराटीचे समजत होते, एवढे नक्की.

चौदाव्या शतकात चर्चचे उत्पन्न हल शहराजवळच्या हॉल्टमप्राइस मठाकडे गेले. मठ धान्याचा दशमांश घेई आणि गावात नेमलेल्या पाद्र्याला त्यातून ठराविक वाटा देई. ही त्या काळातली सर्रास व्यवस्था होती.

चर्चच्या आवारात जवळजवळ सातशे सांगाडे सापडले. दहाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतच्या साध्या शेतकरी कुटुंबांचे इतके मोठे आणि नीट नोंदलेले संकलन फार थोड्या ठिकाणी आहे. हाडांचे तज्ज्ञ सायमन मेज आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर दशकानुदशके काम केले. राजदरबारी बखरींत ज्यांचे नावही येत नाही, त्यांच्या आयुष्याविषयी या हाडांनी जे सांगितले ते इतर कोणत्याही साधनाने कळले नसते. मुलांची वाढ आजच्या मुलांच्या मानाने फार मागे होती. वयात येणे उशिरा होई, आणि वाढ विशीपर्यंत चालू राहून ती तूट थोडीफार भरून निघे. प्रौढ पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास होती. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून दिसते की आया मुलांना सुमारे दीड वर्ष अंगावर पाजत. वयस्क स्त्रियांची हाडे आजच्या स्त्रियांइतकीच ठिसूळ झालेली होती. कष्टाच्या शेतकामामुळे जुन्या काळी हाडे मजबूत राहत असत, हा समज त्यामुळे टिकत नाही. नाकाच्या पोकळ्यांचा जुना दाह येथल्या सुमारे ३९ टक्के प्रौढांत आढळला, तर यॉर्क शहरातल्या एका गरीब पॅरिशमध्ये ५५ टक्क्यांत. धुराड्याविना पेटणारी चूल दोन्हीकडे होती. शहरात तिच्यात चर्मकाम, रंगकाम आणि दाट वस्तीची घाण यांची भर पडली.

एका सांगाड्याने वैद्यकाच्या इतिहासकारांना विचारात पाडले. साधारण चाळिशीतल्या एका पुरुषाच्या कवटीवर बोथट हत्याराचा जबर घाव होता आणि त्यावर कोणीतरी शस्त्रक्रिया केली होती. कवटीचे हाड खरवडून मेंदूवरचा दाब कमी केला होता. जखमेच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे तो माणूस पुढे जगला. काळ साधारण ९६० ते ११०० च्या दरम्यानचा. डोंगराआडच्या एका शेतकरी गावात एवढे कौशल्य पोहोचले होते, किंवा ते असलेला कोणी फिरता वैदू गावात येऊन गेला होता.

दुसरा शोध अधिक अस्वस्थ करणारा आहे. १९६० च्या दशकात चर्चपासून दूर, घरांच्या जागेत, एका खड्ड्यात १३७ मानवी हाडे मिळाली होती. किमान दहा माणसांची, त्यांत स्त्री-पुरुष आणि लहान मूलही. अकराव्या ते चौदाव्या शतकातली ही हाडे सुऱ्यांनी कापलेली, तोडलेली आणि काही जाळलेली होती. २०१७ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था आणि साउदॅम्प्टन विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. उपासमारीत माणसांनी माणसे खाल्ली असावीत, ही शंका तपासली गेली. पण मांस काढताना जेथे घाव पडतील तेथे ते नव्हते. बहुतेक घाव डोके आणि मानेभोवती होते. ही परक्या लोकांची हाडे असावीत का, तेही पाहिले. दातांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून माणसे आसपासचीच ठरली. उरलेली शक्यता अशी की मेलेला माणूस कबरीतून उठून जिवंतांना त्रास देतो, या समजुतीने प्रेतांचे तुकडे करून ती जाळली गेली. न्यूबर्गचा विल्यम हा बाराव्या शतकातला इतिहासकार यॉर्कशरमधलाच. त्याने अशा उठणाऱ्या प्रेतांचे आणि त्यांच्या बंदोबस्ताचे वृत्तांत गांभीर्याने लिहून ठेवले आहेत. शंभर टक्के खात्री देता येत नसली तरी व्हॅरमची हाडे हा या समजुतीचा इंग्लंडमधला सर्वांत ठोस भौतिक पुरावा मानला जातो. खड्डा चर्चच्या पवित्र आवाराबाहेर आहे, हेही अर्थपूर्ण आहे.

गाव ओस का पडले, याचे लोकप्रिय उत्तर 'प्लेग' असे दिले जाते. ते चुकीचे आहे. घसरण प्लेगच्या आधी सुरू झाली होती. १३१५ ते १३१७ या वर्षांत अतिवृष्टीमुळे सगळ्या उत्तर युरोपात मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास, १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रज हरल्यानंतर, स्कॉटिश सैन्याच्या धाडी यॉर्कशरपर्यंत पोहोचू लागल्या आणि १३२२ मध्ये त्यांनी इंग्रज राजाच्या सैन्याचा येथल्या बायलंडजवळ पराभव केला. १३२३ च्या एका मोजणीत व्हॅरम पर्सीतली बरीच जमीन पडीक आणि पाणचक्क्या मोडकळीला आल्याची नोंद आहे. १३४८-४९ मध्ये काळा प्लेग आला. इंग्लंडची तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या त्यात गेली आणि व्हॅरमही सुटले नाही. तरीही १३६८ मध्ये गावात तीसेक घरे नांदती होती. मेलेल्यांच्या जागी लोक आले किंवा उरलेल्यांनी जमिनी वाटून घेतल्या, पण गाव उठले नाही.

प्लेगने गाव मारले नाही. त्याने गावाचे गणित बदलले. मजूर दुर्मीळ झाले, मजुरी वाढली, धान्याचे भाव पडले. कुळांना आता चांगल्या अटींवर दुसरीकडे जमीन मिळू लागली, आणि कोरड्या वोल्ड्सवरून सखल, ओलसर भागाकडे जाणे शहाणपणाचे ठरले. वेठीचे बंधन सैल झाले होते. गावातून कोणी हाकलले नाही तरी मुलगा शेजारच्या गावात जमीन घेई आणि बापाचे घर मागे बंद पडे. पंधराव्या शतकाच्या मध्यास गावात सोळाच घरे उरली.

जमिनीचा मालकही बदलला होता. १४०३ मध्ये व्हॅरम पर्सी हिल्टन घराण्याकडे गेले. हिल्टनांचे मुख्य ठाणे दूर डरहॅम प्रांतात होते आणि व्हॅरम त्यांच्या लेखी केवळ उत्पन्नाची बाब होती. त्या काळात इंग्रज लोकरीला आणि कापडाला मोठी मागणी होती. शेताला डझनभर कुटुंबे लागत, मेंढ्यांच्या कळपाला एखाददुसरा मेंढपाळ पुरे. धान्य स्वस्त, मजुरी महाग आणि लोकरीला भाव असताना मालकाला हा हिशेब मांडायला वेळ लागला नाही. १५०० च्या सुमारास उरलेल्या कुटुंबांना काढून शिवार कुरणात बदलले गेले.

हे एकट्या व्हॅरममध्ये घडत नव्हते. वॉरिकशरचा जॉन राऊस हा पाद्री पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भागातल्या उठवलेल्या गावांची यादी करून त्याविरुद्ध तक्रार करत होता. १४८९ मध्ये सातव्या हेन्रीच्या संसदेने शेतकरी उठवण्याविरुद्ध कायदा केला. टॉमस मोर यांच्या १५१६ च्या 'युटोपिया'तही मेंढ्यांसाठी गावे उद्ध्वस्त होत असल्याची कठोर टीका आहे. १५१७ मध्ये राजाचे मंत्री कार्डिनल वुल्झी यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या. व्हॅरम पर्सीबाबत नोंद झाली की हिल्टनच्या जमीनदाराने चार नांगर बंद पाडले आणि चार घरे पडू दिली. नोंद एवढीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले हे आयोगाने विचारले नाही. जमीनदाराचे कुरण मात्र मोडले गेले नाही. चार घरे हा आकडा लहान वाटतो, कारण बाकीची घरे त्याआधीच एकेक करून रिकामी झाली होती. लोभी जमीनदाराने एका फटक्यात गाव उठवले, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. व्हॅरममध्ये दिसते ते असे की दीडशे वर्षे गाव पातळ होत गेले आणि शेवटच्या घरांवर मालकाने दार लावून घेतले. जबाबदारी त्यामुळे त्याच्यावरून हटत नाही, पण तो एकमेव कारण ठरत नाही.

चर्चच्या इमारतीत ही घट तशीच उमटली. ओवऱ्या निरुपयोगी झाल्या, तेव्हा त्या पाडण्यात आल्या आणि त्यांच्याकडे उघडणाऱ्या कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानींचे आकार आजही भिंतीत स्पष्ट ओळखू येतात. सतराव्या शतकात वेदीचा भागही आखूड केला. पाच शतकांपूर्वी ज्या आकारापासून चर्च वाढायला लागले होते, त्याच्या आसपास ते परत आले. पण ते बंद पडले नाही. गावात कोणी नसले तरी पॅरिश होती, दशमांशाचे उत्पन्न होते आणि पाद्र्याचे घर होते. १५५३ मध्ये ते घर जळाले आणि पुन्हा बांधले गेले. रेस्थॉर्प, बर्डेल आणि टाउथॉर्प यांचीही वस्ती हळूहळू एकदोन शेतवाड्यांवर आली. थिक्सेनडेल तेवढे तगले आणि रविवारी दरीतल्या चर्चकडे चालणारी माणसे मुख्यतः तिथलीच असत. अठराव्या शतकात व्हॅरमच्या जागेवर सुधारित शेतीची एक नवी वाडी उभी राहिली, पण तीही शंभर वर्षांत मोडली गेली आणि तिच्यातली बैठी घरे उरली. १८५३ मध्ये माल्टन-ड्रिफील्ड रेल्वे दरीतून गेली. खडूच्या खाणीला तिचा उपयोग झाला, वस्ती मात्र परतली नाही. १८७० मध्ये सर टॅटन साइक्स या जमीनदारांच्या खर्चाने, वास्तुरचनाकार जी. ई. स्ट्रीट यांच्या आराखड्यावर थिक्सेनडेलला स्वतःचे चर्च मिळाले, आणि सेंट मार्टिनचे उरलेसुरले प्रयोजनही संपत आले. आवारातले शेवटचे दफन १९०६ चे, शेवटची उपासना १९४९ ची. पुढच्याच वर्षी छपराचे शिसे चोरीला गेले. पाणी भिंतींत मुरू लागले आणि त्या दशकाच्या शेवटी मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. शतकानुशतके वापरात असलेल्या इमारतीचे भग्नावशेष व्हायला दहा वर्षे पुरली.

नेमक्या त्याच दशकात येथे अभ्यास सुरू झाला होता. मॉरिस बेरेसफर्ड हे लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे अध्यापक. जुन्या नकाशांत आणि करांच्या कागदांत नाव आहे पण जमिनीवर वस्ती नाही, अशी गावे ते शोधत होते. बहुतेक इतिहासकारांचे तेव्हा मत होते की मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ओस पडलेली गावे नगण्य आहेत. बेरेसफर्ड यांना व्हॅरमची जोती १९४८ मध्ये दिसली आणि १९५० मध्ये त्यांनी स्वतःच खणायला सुरुवात केली. ते पुरातत्त्वज्ञ नव्हते, आणि आपल्या खणण्यातल्या उणिवा त्यांनी पुढे कधी लपवल्या नाहीत. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट हे तरुण पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि ही जोडी अखेरपर्यंत टिकली. त्याच वर्षी ओस गावांच्या अभ्यासासाठी एक संशोधन मंडळही स्थापन झाले. १९५४ मध्ये बेरेसफर्ड यांचे इंग्लंडच्या हरवलेल्या गावांवरचे पुस्तक आले आणि विषयाला प्रतिष्ठा मिळाली.

कामाची पद्धत या जागेनेच घडवली. अरुंद चर खणून भिंत शोधण्याची जुनी रीत येथे अपुरी पडली, कारण कुळांच्या घरांच्या भिंती सरळ, जाड आणि पक्क्या नव्हत्या. डेन्मार्कचे अ‍ॅक्सेल स्टीन्सबर्ग यांनी शेतकरी घरांच्या उत्खननात संपूर्ण घराचे क्षेत्र एकत्र उघडून प्रत्येक दगड जागच्या जागी नोंदवण्याची रीत बसवली होती. तीच येथे आणली गेली आणि व्हॅरममधून ती इंग्लंडभर पसरली. दर वर्षी जुलैमध्ये तीन आठवडे स्वयंसेवक जमत, उरलेल्या शेतघरांत आणि तंबूंत राहत. पैसे कायम तुटपुंजे असत. चाळीस हंगामांत गावाच्या एकूण क्षेत्राचा लहानसा हिस्साच खणला गेला, पण त्यासोबत सगळ्या पॅरिशची आणि शिवाराची पाहणीही झाली. सगळे निष्कर्ष तेरा खंडांत प्रसिद्ध झाले, त्यांतला शेवटचा २०१२ मध्ये आला. बेरेसफर्ड आणि हर्स्ट दोघेही तोपर्यंत हयात नव्हते.

आज ही जागा इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. वाहने जेथे थांबतात तेथून पाऊण मैल पायी उतरावे लागते. मनोऱ्याचा उरलेला भाग पक्का करून भिंती तोलून धरल्या आहेत, चर्च विनाछपराचेच ठेवले आहे. बांध दुरुस्त करून तळे पुन्हा भरले आहे. खणलेल्या घरांपैकी काहींची जोती गवतावर आखून दाखवली आहेत आणि बाकीच्या उंचवट्यांवर गुरे चरतात. थिक्सेनडेलचे १८७० चे चर्च अजून वापरात आहे.